चुलीशिवाय उकळलेलं पाणी

आश्विन लागला की सूर्यमाळच्या माळावर सकाळी एक वास उतरतो. पावसानं पाठ फिरवलेली असते, सकाळचं ऊन अजून कोवळं असतं, आणि खाचरांत उभ्या भाताच्या दाण्यांत दूध भरत असतं. त्या दुधाचा तो वास. बाहेरगावाहून आलेल्या माणसाला तो चटकन कळत नाही, त्याला आधी गोठ्याचा वास येतो. मला मात्र या वासानं अंथरुणातच जाग येते आणि माझे गाल आपोआप फुगतात. म्हातारपणी माणसाचं काय काय आपोआप होतं ते चारचौघांत सांगण्यासारखं नसतं, पण एवढं सांगण्यासारखं आहे.

यंदा आमच्या छपरावर दुधीचा वेल माजला. त्यावर एक दुधी असा धरला की मान लांब, पोट गोल, सगळं मापात. सून रोज त्या दुधीकडे बघते आणि मी रोज सुनेकडे बघतो. शेवटी परवा ती बोललीच. आमच्या बोलीत अहो-जाहो नाही, थोरांनाही 'तू'च म्हणतात.

"बाबा, तो दुधी जून व्हाया लागला. आज काढू का? मंग चव नाय राहाची."

"राहू दे. वेलावरच वाळू दे त्याला."

"एक मानूस मागल्या दारी पानी उकळवतो, दुसरा छपरावर दुधी वाळवतो. मंग भाजी काय दगडाची करू? तूच सांग."

तिचं काही चुकलं नव्हतं. मागल्या दारी तिचा नवरा, म्हणजे माझा मुलगा, पाण्याचं मडकं पुढ्यात घेऊन बसला होता आणि मडक्यातलं पाणी बुडबुडत होतं. खाली चूल नव्हती.

चुलीशिवाय पाणी उकळवण्याचं हे वेड घरात मी आणलं नाही. ते मला दिलं गेलं. ज्या पावसाळ्यात ते दिलं गेलं आणि ज्या आश्विनात ते कसाला लागलं, तो हंगाम अजून माझ्या छातीत आहे. पुढे मी पोशेऱ्याच्या शाळेत मास्तरकी केली, पोरांकडून पाढे घोकून घेतले, पण त्या हंगामाबद्दल कुणाला सांगायला बसलो की शब्द अडखळायचे. आता वय झालं. अडखळले तर अडखळले.

तेव्हा जव्हारला राजाचं राज्य होतं. आमच्या डोंगरात राजा म्हणजे माणूस कमी आणि दिशा जास्त. कुणी मीठ-मिरची आणायला निघालं तरी 'राजाकडं चाललो' म्हणून निघायचं. मी मूळचा दाभोशाचा, नदीकाठचा. जव्हारला मामाच्या घरी राहून चार इयत्ता शिकलो होतो, आणि लग्न झाल्यावर सूर्यमाळला सासऱ्याच्या घरी राहायला आलो होतो. सासऱ्याला मुलगा नव्हता. ज्याला मुलगा नाही त्याच्याकडे जावयानं राहून शेत सांभाळायचं, ही आमच्याकडची जुनी रीत. त्यामुळे घरजावयाला आमच्यात कुणी हसत नाही. फक्त सगळा पाडा त्याच्याकडे बघत असतो. नांगर कसा धरतो, भाकरी किती खातो, उतारावर पाय घसरतो का, सगळं. मी नदीकडून आलेला म्हणून त्यांनी माझं नाव 'पाण्याकडला' ठेवलं. सूर्यमाळच्या बायका वैशाखात हंडाभर पाण्यासाठी दरी उतरतात. तिथं या नावात थट्टाही होती आणि थोडा हेवाही होता.

माझा सासरा रावजी, त्याला मी मामा म्हणायचो, हा पाड्याचा तारपकरी. तारपा ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगतो. वाळलेला लांब मानेचा दुधी, त्याच्या पोटात मेणानं बसवलेल्या बांबूच्या दोन नळ्या, आणि पुढे ताडाच्या पानांचा गुंडाळलेला मोठा कर्णा. घरच्या छपरावरचं, मोहोळातलं आणि ताडावरचं असं तीन ठिकाणचं सामान. त्यातून जो आवाज निघतो तो मात्र या तिघांपैकी कुणाचाच नसतो. पहिल्यांदा मी तो सासऱ्याच्या तोंडून ऐकला तेव्हा मला वाटलं, डोंगरच घोगऱ्या आवाजात काहीतरी सांगतोय. आणि तो आवाज थांबत नाही. माणूस श्वास घ्यायला तरी थांबेल म्हणून मी वाट बघत होतो. सासरा थांबलाच नाही. उन्हं उतरली, गुरं परतली, चुली पेटल्या, तरी तो एकच लांब आवाज वर-खाली होत चालू होता आणि सगळा पाडा कमरेत हात घालून त्याच्याभोवती फिरत होता. आमच्यात म्हणतात, फुंक तुटली की नाच तुटला. रावजीमामाची फुंक तुटलेली कुणाला आठवत नव्हती.

पण आदल्या हंगामाच्या शेवटी त्याच्या छातीनं खोकला धरला आणि तो पावसाळ्यातही सुटला नाही. आवणी, म्हणजे भाताची लावणी, आटोपल्यावर एके दिवशी आम्ही दोघं आगीपाशी हात शेकत बसलो होतो. मामानं एक लाकूड आत सारलं. मग म्हणाला, "जावय, तू फुंकशील काय?"

मी म्हटलं, "मामा, मी पाण्याकडला. पाडा माझ्या फुंकंवर उठंल?"

"ते मना नाय माहीत," तो म्हणाला. "फुंकशील का, येवढंच इचारतो."

मी मान हलवली. खरं तर मला त्या वाद्याची भीती वाटत होती, आणि हवंही तेच होतं.

आता एक अडचण होती. भात पोटरीत असताना तारपा वाजवायचा नाही, ही आमच्या पाड्याची शिस्त. दाणा अजून पोटात असतो, धान्याची देवी कणसरी माऊली आपलं काम करत असते, तिला दचकवायचं नाही. नवं भात खळ्यात येईल, तिच्यापुढं पहिला घास ठेवला जाईल, तेव्हाच तारपा तोंडाला लावायचा. तोवर तो चुलीवरच्या माळ्यावर, धुराच्या उबेत, कपड्यात गुंडाळलेला. म्हणजे शिकायचा काळ तो सगळा मुकाट. वाजवायची पहिली वेळ ती थेट पाड्यापुढची. मधे काही नाही.

म्हणून आमच्याकडे तारपा मडक्यावर शिकतात. मामानं मला पाण्यानं भरलेलं मडकं दिलं आणि बांबूची एक बारीक नळी दिली. नळी पाण्यात घालायची आणि फुंकत राहायचं. बुडबुडे थांबता कामा नयेत. फुंक संपत आली की उरलेला वारा गालांत साठवायचा, गाल दाबून तो नळीत सोडत राहायचा, आणि तेवढ्यात नाकानं नवा श्वास छातीत ओढून घ्यायचा. सांगायला इतकं सोपं आहे की ऐकणाऱ्याला वाटतं, यात काय मोठंसं. ज्याला वाटतं त्यानं करून बघावं. पहिले कितीतरी दिवस माझ्या नाकात पाणी जायचं आणि मडक्यातलं पाणी माझ्या अंगावर यायचं. माझी बायको सुकरी शेजारी बसून नागली पाखडत असायची. ती हसायची नाही, फक्त सूप जरा बाजूला सरकवून घ्यायची.

हसायला लखमा होता. लखमा हा नाचाच्या रांगेचा म्होरक्या, हातात घुंगरांची काठी घेऊन पुढं चालणारा, आणि मामाचा जुना सोबती. तो रोज आमच्या दारावरून जाताना थांबायचा, मडक्यात डोकावायचा आणि गंभीरपणे विचारायचा, "उकळला काय पानी?" मग पाडाभर तेच सुरू झालं. मी गुरं घेऊन निघालो की बांधावरून कुणीतरी ओरडायचं, "जावय, उकळला काय?" एकदा एका म्हातारीनं खरोखरच मूठभर तांदूळ आणून दिले, म्हणाली, शिजव. मीही हसायचो, पण रात्री पडलो की तो प्रश्न डोक्यात फिरत राहायचा.

बोटांचं शिक्षणही तसंच मुकं. मामानं एका काठीवर खुणा केल्या. या बोटानं ही चाल, त्या बोटानं ती. संध्याकाळी तो घशातल्या घशात चाल गुणगुणायचा आणि मी काठीवर बोटं चालवायचो. बोट चुकलं तर तो गुणगुणणं थांबवायचा. बस्स, तेवढीच शिक्षा. मी पुढं इतकी वर्षं शाळेत छड्या बघितल्या, काही वेळा हातातही धरल्या, पण त्या थांबण्याइतकं काही लागलेलं मी पाहिलं नाही.

आणि मग एक दिवस, भाद्रपदात, ते झालं. बाहेर झिमझिम होती, भात पोटरीला आलं होतं. मी नेहमीसारखा मडक्यापुढं बसलो होतो आणि माझं लक्ष दुसरीकडेच होतं, समोरच्या डोंगरावर ढग कसे चढतात तिकडे. बऱ्याच वेळानं माझ्या ध्यानात आलं की पाणी बुडबुडतंय. थांबलेलं नाही. मी श्वास घेत होतो आणि पाणी थांबत नव्हतं. आत येणारा वारा आणि बाहेर जाणारा वारा, दोघे एकाच घरात राहत होते आणि एकमेकांच्या वाटेत येत नव्हते. मला भीतीच वाटली. वाटलं, हे मी करत नाही, माझ्यातून दुसरंच कुणीतरी फुंकतंय, आणि मी हललो तर ते निघून जाईल. सुकरीनं सूप खाली ठेवलं. ती मडक्याकडे बघत राहिली. 

त्या आनंदावर पाणी पडायला फार दिवस लागले नाहीत. एकदा आगीपाशी मी मामाला विचारलं, "मला नाही जमलं तर लोक काय बोलतील?"

मामा म्हणाला, "कोन काय नाय बोलनार."

मला बरं वाटलं. मग त्यानं पुढं सांगितलं. त्याच्या तरुणपणी पलीकडच्या एका पाड्यावर एक नवा तारपकरी उभा राहिला होता. त्यानं वाजवलं. लोक बसले होते ते बसूनच राहिले. आपसांत भाताच्या गोष्टी बोलत राहिले, पोरांना जेवू घालत राहिले. कुणी हसलं नाही, कुणी थांब म्हटलं नाही. त्यानं किती वेळ वाजवलं कुणास ठाऊक. मग तो थांबला, तारपा माळ्यावर ठेवला आणि पुन्हा कधी काढला नाही.

"नाचनारा उठला पायजे," मामा म्हणाला. "तो उठला का तू तारपकरी. नाय उठला त नाय. त्यात बोलायचा काय?"

हे ऐकल्यापासून माझी झोप उडाली. शिव्या मिळणार असत्या तर माणूस कान बंद करून घेतो. पण न उठणाऱ्या माणसांपुढं काय बंद करायचं? आणि प्रश्न एकट्या माझा नव्हता. मी पडलो तर हंगामासाठी दुसऱ्या पाड्यावरचा तारपकरी आणावा लागणार, आणि ज्या अंगणात रावजीमामानं जन्म काढला त्या अंगणात तो परक्याचा तारपा ऐकत बसणार. त्याच्या घरात मी राहत होतो, त्याचं अन्न खात होतो, त्याच्या मुलीचा हात धरला होता. त्याची फुंकही मला त्याच्याच डोळ्यांदेखत पुढं न्यायची होती.

नवं भात खळ्यात आलं. पाड्याच्या मधलं अंगण शेणानं सारवलं. कणसरीपुढं नव्या तांदळाचा घास ठेवून झाला, सगळे जेवले, आणि उन्हं कलती होताच लोक अंगणाच्या कडेनं बसू लागले. बायकांनी केसांना तेल लावून त्यात फुलं खोवली होती. मामानं माळ्यावरून तारपा काढला, कपडा सोडला, कर्ण्यावरची काजळी हातानं पुसली. एक फुंक त्यानं स्वतः मारली. लहानशी. तेवढ्यानं त्याला खोकला आला. खोकला ओसरल्यावर त्यानं तारपा माझ्या हातात दिला आणि भाताच्या राशीला टेकून खाली बसला.

तारपा वजनाला फार हलका होता, याचंच मला आधी नवल वाटलं. मी मधे जाऊन उभा राहिलो. तोंड लावलं. पहिला आवाज असा फुटला की एक कोंबडी उडून छपरावर गेली. मग आवाज स्थिरावला. इतके महिने मी बुडबुडे ऐकले होते, आणि आता त्या बुडबुड्यांच्या जागी हा घोगरा, जाडसर, अंगाएवढा आवाज माझ्याच तोंडातून निघत होता. माझे दात हलत होते, कवटी घुमत होती. हे आपण करतोय यावर माझा विश्वास बसेना.

कुणी उठलं नाही.

लोक बसले होते. एक बाई पोराच्या नाकाचं बघत होती. दोन म्हातारे खळ्याकडे हात करून काही बोलत होते, बहुधा भाताचंच. मी फुंकत राहिलो. गालांत वारा, नाकातून श्वास, बोटं काठीवर चालायची तशी चालत होती.  सुकरीकडे बघायचा मला धीर होईना. मी लखमाकडे बघितलं. तो काठी मांडीवर आडवी ठेवून, मान खाली घालून बसला होता. तो ऐकत होता. ज्या ठिकाणी नवख्याची फुंक तुटते त्या ठिकाणाची तो वाट बघत होता. ते ठिकाण आलं आणि गेलं. परत आलं, परत गेलं. मग लखमानं मान वर केली, काठी टेकली आणि शेजारच्यांना अगदी साध्या आवाजात म्हणाला, "उठा रं. उकळला पानी."

माणसं उठली. कमरेत हात गेले, रांग झाली, लखमाच्या काठीचे घुंगरू वाजले. मला रडू आलं असतं, पण रडायला लागतो तो वारा मी आधीच कामाला लावलेला होता.

आणि इथं माझी फजिती झाली. आमच्या नाचात रांग तारप्याच्या मागं जाते. तारपकरी चालतो, वळतो, वाकतो, आणि तो कर्णा नेईल तिकडं रांग वळते. तारप्याला कुणी पाठ दाखवत नाही. हे मला ठाऊक होतं, मी शेकडो वेळा पाहिलं होतं. पण मी शिकलो होतो ते बसून. मडकं घेऊन कुणी चालतं काय? पावसाळाभर माझ्या फुंकीला माझे पाय माहीतच नव्हते. मामाच्या मनातही कधी आलं नसेल, कारण त्याच्या लेखी वाजवणं आणि चालणं या दोन गोष्टी नव्हत्याच. आता मी अंगणाच्या मधे रोवल्यासारखा उभा होतो. पाऊल उचललं तर फुंक तुटेल अशी माझी खात्री होती, आणि फुंक तुटली की नाच तुटला.

लखमानं एक फेरी घेतली. माझ्याकडे बघितलं. मी हलत नाही असं दिसल्यावर त्यानं दुसरी फेरी जरा आतून घेतली. तिसरी आणखी आतून. रांग माझ्याभोवती वेटोळं घालू लागली. तोंडं माझ्याकडे, पाय एका तालात, आणि दर फेरीला माणसं जवळ येत होती. तेलाचा, घामाचा, फुलांचा वास जवळ आला. त्यांच्या पावलांनी माझ्या तळव्यांखालची जमीन हलू लागली. बाहेरचं अंगण दिसेनासं झालं. माझ्याभोवती नुसते खांदे आणि डोळे. लखमाची काठी माझ्या अंगठ्याशेजारी आपटली, इतकी जवळ की सारवणाचा कण पायावर उडाला. पुढच्या वेळी ती अंगठ्यावर पडणार हे नक्की होतं.

मी पाय उचलला.

फुंक तुटली नाही. मी दुसरा पाय उचलला. वेटोळ्याच्या थरांमधे एक अरुंद वाट मोकळी होती, रांग जशी आत आली तशीच बाहेर जाणारी. त्या वाटेनं मी फुंकत निघालो. माणसांच्या छातीला कर्णा घासत होता आणि तरी कुणी मागं सरत नव्हतं. माझ्या मागून लखमा वळला, त्याच्या मागून दुसरा, मग तिसरा, आणि गुंडाळलेला सगळा पाडा माझ्यामागं उलगडत बाहेर आला. उघड्या अंगणात ऊन लागलं. मी डावीकडे वळलो, सगळे डावीकडे वळले. मी वाकलो, सगळे वाकले. माझ्या एका श्वासाला एवढी माणसं बांधलेली होती, आणि त्यांच्या पावलांना माझा श्वास. कोण कुणाला चालवत होतं ते मला त्या दिवशी कळलं नाही. आजही नीट कळलेलं नाही, आणि कळावं अशी इच्छाही नाही.

नंतर मी लखमाला विचारलं होतं, "तू मुद्दाम घेरलंस ना मला?" तो म्हणाला, "तू हलत नव्हतास. नाच उभा कसा ठेवायचा? मंग जागा होती तठं गेलो." 

पण मला सांगायचं आहे ते याच्याही पुढचं आहे.

फिरता फिरता मी भाताच्या राशीसमोर आलो तेव्हा माझी नजर मामावर गेली. तो मिटल्या तोंडानं बसला होता आणि त्याचे गाल हलत होते. माझ्या प्रत्येक श्वासाला त्याचे गाल भरत होते, रिकामे होत होते. बोटं गुडघ्यावर चालत होती. मी एका जागी बोट चुकलो, तिथं त्याचं बोट बरोबर पडलं. मला वाटलं, हा असाच हंगाम संपेपर्यंत बसून मनातल्या मनात वाजवत राहणार.

तेवढ्यात रांगेतून माझी सासू सुटली. तिला मी मामी म्हणायचो. ती राशीपाशी गेली आणि तिनं मामापुढं हात केला.

"ऊठ."

मामानं मान हलवली. "मना नाय येत."

ते जवळच्यांनी ऐकलं, त्यांनी पुढच्यांना सांगितलं, आणि हसू रांगेतून फिरत गेलं. आजवर सगळ्या पाड्याला नाचवणाऱ्या माणसाला नाच येत नव्हता. आणि ते खरंच होतं. मिसरूड फुटायच्या आधीपासून तो मधे उभा होता. रांगेत तो कधी गेलाच नव्हता. लग्नातही तोच वाजवत होता, त्याची नवी नवरी दुसऱ्यांच्या कमरेत हात घालून त्याच्याभोवती फिरत होती, आणि तेव्हापासून दर हंगामात ती तशीच फिरत आली होती.

"सारा जलम मना फिरवलास," मामी म्हणाली. "आता माझ्यासंगं फीर. पाय कसा टाकायचा ते मी सांगतां."

तो उठला. तिनं त्याचा हात आपल्या कमरेवर घेतला, दुसरा शेजारणीच्या कमरेवर ठेवला. रांग चालू लागली आणि तो चुकला. ती डावा म्हणाली तेव्हा उजवा, उजवा म्हणाली तेव्हा काहीच नाही. ज्याच्या फुंकीवर सगळ्यांनी चालायला शिकून घेतलं होतं, तो माणूस खाली मान घालून आपली पावलं शोधत होता. मी चाल संथ केली. ते कुणी शिकवलं नव्हतं. त्याच्या पायांना पोचता येईल एवढ्या जागेवर मी सूर धरून ठेवला, आणि लखमानं काठी त्या संथ चालीवर टेकायला सुरुवात केली, आणि सगळा पाडा एका म्हाताऱ्यासाठी हळू झाला.

मग त्याला पाऊल सापडलं. त्यानं मान वर केली आणि पहिल्यांदा तारप्याकडे समोरून बघितलं. त्याचं तोंड उघडंच राहिलं. त्याच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी माझ्या मुलाच्या चेहऱ्यावर पाहिलं आहे, त्यानं जन्मात पहिल्यांदा नदीचा पूर बघितला तेव्हा. माझ्यासमोरून जाताना तो मामीला म्हणाला, आणि मी ते स्पष्ट ऐकलं, "येवढा मोठा वाजतो काय गं भाएर?"

त्यानं आयुष्यभर तारपा आतून ऐकला होता. कवटीत घुमणारा, दात हलवणारा. बाहेर काय जातं, डोंगराला काय लागतं, माणसं का उठतात, ते त्याला त्या संध्याकाळी कळलं.  मामीचे डोळे भरले होते, आणि ती पाय चुकू देत नव्हती.

त्यानंतर मी किती हंगाम वाजवले. जव्हारला दिवाळीला राजवाड्यापुढंही वाजवलं, मोठ्या पागोट्यांपुढं. तिथं भीती वाटली नाही. जो एकदा आपल्या पाड्यापुढं उभा राहिला त्याला पागोट्यांचं काय? मामा त्या हंगामानंतर दोन-तीन वेळाच रांगेत आला. मग छातीनं त्याला रांगेतही राहू दिलं नाही. पुढं राजाचं राज्यही गेलं, कागदावर नवी नावं आली. भाताला दूध भरायचं मात्र थांबलं नाही.

आता माझी छाती वाजू लागली आहे. गेल्या हंगामात दोनदा फुंक तुटता तुटता राहिली. कुणी काही बोललं नाही, म्हणजे सगळ्यांच्या ध्यानात आलं. म्हणून मागल्या दारी माझा मुलगा मडकं घेऊन बसतो. त्याला मी पहिल्याच दिवशी सांगितलं, उठून चालत फुंक. तो मडकं काखेत धरून अंगणभर फिरतो आणि त्याच्या बायकोनं सारवलेली जमीन ओली करतो. यंदा तारपा माझाच वाजवील, पण तो जुना झालाय, पोटाला चीर आहे. छपरावरचा दुधी पुढच्या हंगामासाठी. सुनेला हे सांगितलं. काल बघितलं तर वेलाला तिनं काठीचा टेकू दिला होता.

नव्या भाताचा दिवस जवळ आलाय. त्या दिवशी मी राशीला टेकून बसेन, मनातल्या मनात वाजवीन, असं मी ठरवलं होतं. त्यात काय वाईट आहे? पण आज सकाळी, तो वास येत असताना, सुकरी अंगणात येऊन उभी राहिली. केस पांढरे, कंबर थोडी वाकलेली. तिनं माझ्यापुढं हात केला. मला कळलं.

मी म्हटलं, "सुकरे, मला नाही येत."

"ठाव हाय मना," ती म्हणाली. "म्हनून त आतापासून ऊठ. आधी डावा."

मी उजवा टाकला.

"डावा," सुकरी म्हणाली.